आठ दिवसांत कान बसतो

“आधी तो पंखा बंद करा! मग काय ते नियम सांगा!”

हे ओरडणारा मीच होतो. रविवारची सकाळ, शाळेचा व्हरांडा, समोर हातात चाव्यांचा जुडगा घेतलेले शिपाई मामा, आणि बंद दाराआड चाळीस लेकरं गणिताचा पेपर सोडवत बसलेली.

“साहेब, हळू,” मामा म्हणाले. “आत परीक्षा चालू आहे.”

“म्हणून तर ओरडतोय! आत गोंगाट होतोय!”

मामांनी मान तिरकी करून ऐकलं. “कसला गोंगाट?”

“तो पंखा बघा की, खिडकीतून! हलतोय कसा! त्याचा बुश गेलाय. टकटक करत असणार!”

“तुम्हाला ऐकू येतंय व्हय, इथून?”

“मला नाय येत! माझ्या पोरीला येतंय!”

मामांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी ओळखतो. लग्नात जेवणाच्या पंगतीत मी वाढप्याला ‘भाजी वाढा’ म्हणालो की स्टेजवरचा नवरदेव माझ्याकडं त्याच नजरेनं बघतो. मामांचा दोष नाही. त्यांना मागचं काहीच माहीत नव्हतं, ते तुम्हाला सांगतो.

चिकलठाण्यात माझं छोटं प्रेस-शॉप आहे. पत्र्यातून वॉशर मारायचे, डबे भरायचे, गाडीवर चढवायचे, एवढाच धंदा. पण त्या यंत्रांच्या धडाधडीत बावीस वर्षं काढल्यावर माझा आवाज असा झालाय की मी दुकानात उभा राहून ‘जेवायला काय केलंय?’ विचारलं तर घरी बायको फोन न उचलता उत्तर देते. एकदा विमानतळाच्या भिंतीलगत मी एका टेम्पोवाल्याला ‘थांब!’ म्हणालो, तर उतरायला आलेलं विमान परत वर गेलं. बायको म्हणते, त्या दिवशी धुकं होतं. असेल. धुकंही होतं आणि मीही होतो.

अशा माणसाच्या घरात ही पोर जन्माला आली. आता अकरा वर्षांची आहे. लहानपणी कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आधी, म्हणजे आत वाफ नुसती कुजबुजायला लागली की, ही कानात बोटं घालून गॅलरीत पळायची. आम्हाला वाटायचं, घाबरट आहे. पुढं एकदा ती म्हणाली, “पप्पा, तुमच्या फोनचा चार्जर शिट्टी वाजवतो.” मी हसलो. मग हसणं थांबवून प्रयोगाला बसलो. तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली, तिला दुसऱ्या खोलीत बसवलं, आणि चार्जरचं बटण कधी चालू, कधी बंद. दहा वेळा विचारलं, दहाही वेळा बरोबर. दुकानात सांगताना मी वीसपैकी वीस सांगतो, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सिग्नलला थांबलो की ही पुढच्या गाडीच्या नंबराचे तुकडे पाडायची. “पप्पा, ह्याला तेरानं भाग जातो.” सिग्नल सुटायचा, मागचे हॉर्न मारायचे, मी अजून तेरानं भागतच असायचो आणि ती कान झाकून खाली वाकलेली असायची. म्हणजे एकाच पोरीत दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही एकाच वेळी चालायच्या. मला वाटायचं, ह्यांचं आपसात काहीतरी आहे. एकीची तार दुसरीला कुठंतरी जोडलेली आहे. पण कुठं, ते उघडून बघायला पोरीला काही नट-बोल्ट नव्हते.

शाळेला मात्र ह्यातलं एकच दिसायचं: लक्ष नसतं. गेल्या वर्षी वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर तिनं निम्मा कोरा ठेवला आणि शेवटी लिहिलं, ‘पंख्याचा आवाज ३४१२ वेळा झाला.’ आम्हा दोघांना बोलावणं आलं. बाईंनी पेपर पुढं सरकवला. “हे काय उत्तर आहे?”

मी मनापासून विचारलं, “बरोबर आहे का पण?”

बायकोनं टेबलाखालून असा चिमटा काढला की त्याचा वळ अजून आहे.

मग आम्ही एका मुलांच्या समुपदेशक बाईंकडं गेलो. त्यांनी तिच्याशी दोन दिवस गप्पा मारल्या, कोडी घातली, आणि आम्हाला बसवून सांगितलं, “बुद्धी फार तल्लख आहे. आणि अशा काही मुलांचे कान, कातडी, नाक सगळंच जरा जास्त उघडं असतं. सगळ्यांचं नाही. आणि ज्यांचे कान असे, ती सगळीच तल्लख असतात असंही नाही.”

“म्हणजे हुशारीमुळं कान, का कानामुळं हुशारी?”

“ते मलाही ठामपणे सांगता येणार नाही. इतकं म्हणता येईल की आपण जे आवाज न ऐकता सोडून देतो, ते तिच्याकडं आत येतात, आणि आत आलेल्या प्रत्येकाचं ती काहीतरी करत बसते. मोजते, जुळवते.” मग त्या हसल्या. “तुम्ही तिलाच विचारून बघा. फक्त जरा हळू विचारा.”

मी विचारलं नाही. कारण माझ्याकडं उत्तर तयार होतं. आमच्या धंद्यात ते सगळ्यांकडं असतं: आठ दिवसांत कान बसतो.

नवा कामगार प्रेस-शॉपमध्ये पहिल्या दिवशी येतो तेव्हा संध्याकाळी त्याला घास गिळत नाही. डोकं घुमत असतं. तेव्हा आमचे मिस्तरी त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि आठ बोटं दाखवतात. आठव्या दिवशी गरम भजी येतात. तो भजी खात असताना कोणीतरी हळूच त्याच्या मागं जाऊन पत्र्याची प्लेट फरशीवर टाकतं. दचकला तर अजून आठ दिवस. नाही दचकला तर टाळ्या. कान बसला, गडी आपला झाला. हा आमच्याकडं मान आहे. मी मालक, पण मलाही ती प्लेट चुकली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी म्हणालो, “पोरीला दुकानात नेतो. आठ दिवस.”

बायको म्हणाली, “अहो, लेकरू आहे ते. मशिनीतली डाय नाही, ठोकून बसवायला.”

पण मी माझ्याच आवाजात एवढा होतो की तिचा पोचलाच नाही.

पहिल्या दिवशी पोर काचेच्या केबिनमध्ये खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. कानात बोटं, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. मी बाहेरून हसून आठ बोटं दाखवली. आज ते आठवलं की माझीच बोटं मला नकोशी होतात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र मला दिसलं की ती सारखी कान झाकत नाहीये. मध्येच झाकते, मग सोडते, बराच वेळ नुसती बसते, परत झाकते. मी आत गेलो. “बसायला लागला ना कान?”

“नाही,” ती म्हणाली. “त्या तीन मोठ्या मशिनी आपोआप चालतात ना? एक चार सेकंदांनी पडते, एक पाच, एक सात. वेगवेगळ्या पडल्या तर सहन होतं. तिघी एकदम पडल्या की होत नाही. ते दोन मिनिटं वीस सेकंदांनी होतं. तेवढं झाकते.”

मी मोबाईलवर घड्याळ लावून उभा राहिलो. दोन मिनिटं वीस सेकंद. तिनं कान झाकले, आणि तिन्ही प्रेस अशा एकदम पडल्या की केबिनची काच थरथरली. मिस्तरी आजही म्हणतात, यंत्रं इतकी घड्याळासारखी चालत नसतात, दोन-चार सेकंद इकडं तिकडं झाले असतील. असतील. माझ्या सांगण्यात होत नाहीत.

तेव्हापासून मी चार-पाच-सातच्या नादाला लागलो. बावीस वर्षं मी त्या मशिनींच्या मध्ये उभा होतो आणि मला ऐकू येत होता एकच एक धडाधडा. तिला त्याच धडाधडीत तिघीजणी वेगळ्या ऐकू येत होत्या, नाव-गाव घेऊन. आवाज सहन न होणं आणि आवाजात गणित दिसणं, ह्या दोन गोष्टी नव्हत्याच तर. एकच दार होतं, ज्यातून त्रासही आत यायचा आणि गंमतही.

त्याच आठवड्यात तिला दुसरा शोध लागला. आमच्या दुकानात कोणी बोलत नाही. बोलून उपयोग नसतो. सगळं हातांनी चालतं. बोट गोल फिरवलं की मशीन चालू. मूठ आवळून वर धरली की मशीन बंद. दोन बोटं ओठांशी नेली की चहा. पोरीनं एका दुपारी सगळ्या खुणा शिकून घेतल्या आणि संध्याकाळी घरी आईला शिकवल्या. जेवताना ती आईकडं बघून तोंडासमोर पाचही बोटं उघडमीट करायला लागली, भोंग्यासारखी. दोघी हसल्या.

“ही कसली खूण? ही मी नाय बघितली.”

“ही तुमची खूण आहे,” पोर म्हणाली. “मालक आले, अशी.”

बावीस वर्षं दुकान माझं, आणि माझी खूण मला माझ्या पोरीकडून कळली! मी जाब विचारायला गेलो तर सगळे कामगार खाली मान घालून वॉशर मोजायला लागले.

आठवा दिवस आला. भजी आली. पोर केबिनच्या दारात उभी राहून खात होती. मिस्तरी प्लेट घेऊन मागून निघाले. तिन्ही प्रेस चालू होत्या. मिस्तरी अजून सहा पावलं लांब असतील, तेवढ्यात ती वळली आणि म्हणाली, “मिस्तरीकाका, तुमची डावी चप्पल उसवलीय.”

मिस्तरींनी पायाकडं बघितलं. प्लेट हळूच बाकावर ठेवली, लेकराला झोपवावं तशी. मग मला बाहेर नेलं.

“मालक, हिचा कान नाय बसायचा. अन् बसवू बी नका.”

“का वो?”

“माझा बसला तवा मी लई खुश झालो व्हतो. टाळ्या वाजल्या व्हत्या. आता नात फोनवर बोलती, ते कळत नाय. नुसतं व्हय-व्हय म्हणतो. परवा ती म्हणली, आजोबा, मी पडले. मी म्हणलो, व्हय व्हय, लई छान.”

एवढं सांगून ते आत गेले.

त्या संध्याकाळी मी गावी पिशोरला आईला फोन लावला. पोरीची गोष्ट सांगितली, नेहमीसारखी फुगवून. चप्पल मी दोन गल्ल्या पलीकडची केली. आई ऐकून घेऊन म्हणाली, “त्यात काय नवल? तू काय कमी व्हता? बाजाराच्या दिवशी कानात बोटं घालून चालायचा. लोक म्हणायचे, पाटलाचं पोरगं बहिरं हाय का शहाणं? आन् एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायचा, धडाधडा.”

मला ह्यातलं काहीही आठवत नव्हतं. बाजार आठवतो, पण तो मला मुका आठवतो.

मी गच्चीत जाऊन एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायला घेतला. दोनशे नव्वद. दोनशे एकसष्ट. दोनशे बत्तीस. दोनशे तीन. पुढं अडलो. परत वरून सुरुवात केली, परत तिथंच अडलो. आठव्या दिवशी माझा कान बसला तेव्हा त्याच्याबरोबर अजून काय काय बसलं, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं. गरम भजी होती ना. कदाचित काहीच बसलं नसेल, नुसतं वय झालं असेल. पण हा प्रश्न आता माझ्या डोक्यातून जात नाही.

“एकशे चौऱ्याहत्तर,” खालून, बंद खिडकीआडून आवाज आला.

मी मनातल्या मनात म्हणत होतो हो! आता माझं मनातल्या मनात म्हणजे शेजारच्या दोन बिल्डिंगांना ऐकू गेलं असेल, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद, म्हणजे तिच्यापुरतं. आणि मला तिच्यासाठी शांत जागा शोधायचं वेड लागलं. ती जागा तिनंच शोधली. पडेगावला, रस्त्यापासून आत, एका जुन्या दगडी गोदामात एक निवृत्त प्राध्यापक रविवारी गणिताचा वर्ग घेतात. मुलं फक्त वीस. घंटा नाही, माईक नाही, हातभर जाड भिंती. पालकांना जागा दाखवायच्या दिवशी आम्ही गेलो. ती आत कोपऱ्यात जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिचे खांदे खाली आलेले होते. एरवी ते सदा कानांजवळ असतात.

“पप्पा,” ती म्हणाली, “इथं मला माझंच ऐकू येतं.”

पोरीनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं असेल तर ते हेच. पण प्रवेशाला परीक्षा होती, चाळीसातून वीस घेणार होते, आणि परीक्षा त्या दगडी गोदामात नव्हती, शहरातल्या एका शाळेत होती. कानात कापूस किंवा काहीही घालायचं नाही, असा नियम होता. कॉपीचा संशय येतो म्हणे.

त्या रविवारी मी तिला वर्गापर्यंत सोडलं. जागा खिडकीजवळ, दुसऱ्या बाकावर. मी व्हरांड्यातून वर बघितलं. तिच्या बरोब्बर डोक्यावरचा पंखा झोके खात फिरत होता. मला ऐकू येत नाही, पण फिरणारी वस्तू कशी रडते हे मी नुसतं बघून सांगतो. तो पंखा टकटक करत होता, शंभर टक्के. डोळ्यांपुढं आलं ते एकच: ३४१२.

दार लागलं. पेपर वाटले गेले. आणि मी मामांना गाठलं. तिथूनच तुम्ही ऐकताय.

“साहेब, आत बाई आहेत. त्या बघतील,” मामा म्हणाले.

“बाईंना ऐकू येत नसणार! साध्या माणसाला नाय येत ते!”

तेवढ्यात खिडकीतून पोर दिसली. ती माझ्याकडंच बघत होती. तिनं हात वर केला. मूठ! घट्ट आवळलेली मूठ!

माझ्या अंगात असा हुरूप आला म्हणून सांगू. लेक आतून मला ‘लढा, पप्पा’ म्हणतेय! मी आवाज अजून एक पायरी वर नेला. मुख्याध्यापकांना बोलवा म्हणालो, प्राध्यापकांना बोलवा म्हणालो. पलीकडच्या मैदानात क्रिकेट थांबलं. शाळेच्या गेटावरचा कुल्फीवाला गाडा सोडून बघायला आला. लेकीनं परत मूठ वर केली, ह्या वेळी जास्त उंच. “बघा!” मी मामांना म्हणालो. “पोरगी कशी हिमतीची आहे!” तिसऱ्यांदा तर तिनं मूठ कपाळाच्या वर नेली आणि हलवली. मग मी काय थांबतो होय?

शेवटी दार उघडलं. परीक्षेच्या बाई बाहेर आल्या. त्यांचे ओठ एका रेषेत होते.

“तुमचं म्हणणं काय आहे?”

“तो पंखा!”

“कुठला पंखा?”

मी वर बघितलं. पंखा बंद होता. पातीसुद्धा हलत नव्हती.

मी मामांकडं अशा ऐटीत बघितलं, जणू दौलताबादचा किल्ला एकट्यानं घेतला. त्या दिवसापासून मी ही गोष्ट निदान दोनशे लोकांना सांगितली असेल. दुकानात सांगितली, पिशोरला सांगितली, भाजीवाल्याला सांगितली. माझ्या आवाजानं पंखा थांबला! बटणाला कोणी हात लावला नाही, नुसता माझा आवाज गेला आणि पाती जागच्या जागी! पोर प्रत्येक वेळी शेजारी असायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, बापाचा अभिमान वाटतोय.

पंधरा दिवसांनी पडेगावला गोदामाच्या दारावर यादी लागली. मी वरून वाचत निघालो. पहिल्या पाचात नाही. दहात नाही. पंधरात नाही. लेक शेजारी उभी होती. एकोणिसाव्या ओळीत तिचं नाव होतं.

मी ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्या भिंतींकडं बघून कसं कोण जाणे, बंद केलं. आत प्राध्यापक होते, त्यांनी तिला पेपर दाखवला. सोडवलेलं सगळं बरोबर. शेवटचं पान कोरं.

बाहेर गाडीशी आल्यावर मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जमेल तितकं हळू म्हणालो, “शेवटचं पान राहिलं तरी काय बिघडलं? आपण जिंकलो. तू ती मूठ दाखवलीस ना तीनदा, त्यानंच मला जोर आला बघ.”

तिनं हेल्मेटचा पट्टा लावला.

“पहिली मूठ पंख्याची होती, पप्पा. बाईंनी बंद केला होता, म्हणून. नंतरच्या दोन तुमच्या होत्या.”